कूपरचं सोडा, भेंडीचं पुढं काय झालं?

इंटरस्टेलर येऊन दहा वर्षं कधीच उलटून गेली, दुसऱ्या भागाची घोषणा-बिषणा काही नाही, तरी आपल्याकडची पोरं त्याची स्टोरी स्वतःच लिहायलेत. परभणी, नांदेड, संभाजीनगर कुठंबी जा, इंजिनिअरिंगची नाहीतर स्पर्धा परीक्षेची चार टाळकी चहाला जमली आणि एकानं हा पिक्चर काढला की झालं, मग कूपर तिकडं पोचला का, ब्रँड म्हातारी झाली असंल का, वर्महोल बंद पडला असंल तर काय, असं तासभर चालतंय. २०२५ च्या फेब्रुवारीत पिक्चर पुन्हा थेटरात लागला तेव्हापासून तर जास्तच. मला ह्या चर्चा आवडतात, कारण नट-नट्यांवर कुणी बोलत नाही, सगळे फिजिक्सवर भांडतात, आणि भांडता भांडता बऱ्यापैकी बरोबर फिजिक्स शिकतात.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पृथ्वीवर पिकं एकामागून एक रोगानं मरायलेत, कूपर नावाचा शेतकरी (आधीचा पायलट) शनीजवळच्या वर्महोलमधून (म्हणजे दोन लांबच्या जागा जोडणारा अवकाशातला बोगदा) दुसऱ्या गॅलेक्सीत जातो, गार्गन्टुआ नावाच्या महाकाय ब्लॅकहोलमध्ये पडतो, परत येतो तेव्हा लेक मर्फ म्हातारी होऊन मरणाच्या दारात, आणि शेवटी तो यान घेऊन डॉ. ब्रँडकडं, म्हणजे सोबत गेलेल्या आणि तिकडंच एका ग्रहावर राहिलेल्या शास्त्रज्ञ बाईकडं, निघतो. इथं पिक्चर संपतो, आणि इथूनच सगळ्यांचा दुसरा भाग चालू होतो.

सगळ्यात मोठा वाद वयाचा. एक पार्टी म्हणते, "अरे भाऊ, कूपर पोचेपर्यंत ब्रँड ऐंशीची झाली असंल." दुसरी म्हणते दोघं सोबतच होते ना, मग वय सारखंच राहणार. हिशोब करूनच बघू. गार्गन्टुआच्या अगदी जवळ मिलरचा ग्रह हाय, तिथं हे दोघं उतरतात, तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षं, म्हणजे वेळ सुमारे ६१ हजार पट हळू, तुमच्या घड्याळात एक सेकंद झाला की गावाकडं १७ तास गेले. (त्या सीनच्या म्युझिकमध्ये टिकटिक हाय, तिच्या दर टिकेला पृथ्वीवरचा जवळपास एक दिवस जातो हेबी फॅन लोकांनीच मोजून काढलंय.) तिथं २३ वर्षं गेली, पुढं गार्गन्टुआला वळसा घालताना अजून ५१ गेली, पण ह्या दोन्ही वेळा कूपर आणि ब्रँड एकाच यानातल्या किंवा एकमेकांजवळच्या घड्याळावर होते. त्यामुळं तिथपर्यंत वयात फरक पडायचं कारणच नाही.

फरक पडतो तो कूपर आत पडल्यावर. आणि इथं आईन्स्टाईन आपल्याला जरा वाऱ्यावरच सोडतो. बाहेरून बघणाऱ्याला ब्लॅकहोलमध्ये पडणारा माणूस कधीच आत गेलेला दिसत नाही, तो काठावर जास्त जास्त हळू, लालसर आणि मंद होत जातो आणि शेवटी दिसेनासा होतो. पडणाऱ्याला मात्र तसं काहीच वाटत नाही, तो सरळ आत जातो. मग "कूपर आत होता तेव्हा ब्रँडच्या घड्याळात किती वाजले होते" ह्या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही, कारण क्षितिजाच्या (त्या काठालाच क्षितिज म्हणतात) आतलं "आत्ता" आणि बाहेरचं "आत्ता" जुळवायला सगळ्यांना मान्य होईल असा नियमच नाही. वरून पिक्चरमध्ये त्याला पाच मितीत राहणारे कुणीतरी उचलून शनीजवळ आणून टाकतात, म्हणजे कुठल्या वर्षात टाकायचं ते लेखकाच्या हातात. म्हातारी मर्फ सांगते की ब्रँड आत्ता तिकडं तळ उभारत असंल, तेवढ्यावरून ती तरुण धरायला हरकत नाही, पण हे मर्फचं म्हणणं झालं, फिजिक्सचं नाही. वयाच्या वादात दोन्ही पार्ट्यांना आपली बाजू मांडता येते ती ह्यामुळं.

हे वेळ हळू चालणं कुणाला कल्पना वाटत असंल तर गावात मोजणीवाले रोव्हर घेऊन येतात ते आठवा. ते यंत्र उपग्रहाच्या घड्याळावर चालतं. जीपीएसच्या उपग्रहांची घड्याळं वर गुरुत्वाकर्षण कमी असल्यानं दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढं पळतात आणि वेगामुळं ७ मायक्रोसेकंद मागं पडतात, म्हणजे एकूण ३८ नं पुढं. ही दुरुस्ती केली नाही तर चूक दिवसाला १० किलोमीटरच्या हिशोबानं वाढत जाईल, आणि बांधावरून आधीच कमी भांडणं हायत का.

"पण एवढ्या मोठ्या ब्लॅकहोलजवळ गेल्यावर चिंधड्या नाही का होणार" हाबी नेहमीचा प्रश्न. उत्तर उलटं हाय. ब्लॅकहोल जेवढा मोठा तेवढा त्याचा काठ सौम्य. गार्गन्टुआ १० कोटी सूर्यांएवढ्या वस्तुमानाचा, त्याचं क्षितिज साधारण पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्या वर्तुळाएवढं, त्यामुळं तिथं डोक्याला आणि पायाला लागणाऱ्या ओढीत फरक फारच थोडा. छोट्या, दहा-वीस सूर्यांएवढ्या ब्लॅकहोलजवळ मात्र शेवया होतील हे खरं.

दिसण्याचं काय ते पटकन सांगतो. नव्या भागात गार्गन्टुआ वेगळा दिसावा अशी बऱ्याच जणांची इच्छा हाय आणि ती रास्त हाय. पहिल्या पिक्चरमध्ये त्याच्याभोवती फिरणाऱ्या तापलेल्या वायूची चकती दोन्ही बाजूंनी सारखीच उजळ दाखवलीय, खरं तर आपल्याकडं येणारी बाजू जास्त झगझगीत आणि लांब जाणारी अंधारी पाहिजे. हे ग्राफिक्सवाल्यांना माहीत होतं, त्यांनी आणि भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी २०१५ मध्ये त्यावर रिसर्च पेपरच काढला, पण प्रेक्षक गोंधळतील म्हणून दिग्दर्शक नोलननं तो परिणाम काढून टाकला. पुढं एप्रिल २०१९ मध्ये एम८७ गॅलेक्सीतल्या ब्लॅकहोलचा खरा फोटो आला, साडेसहाशे कोटी सूर्यांएवढा तो राक्षस, आणि त्याचं कडं एका बाजूला जास्त उजळ निघालं. आता प्रेक्षक गोंधळणार नाहीत राव, दाखवा.

थॉर्न यांचं नाव निघालं म्हणजे हिंगोली आलीच. ह्या पिक्चरचे विज्ञान सल्लागार तेच, आणि गुरुत्वीय लहरी (जड वस्तू धडकल्या की अवकाशातच उठणारे तरंग) पकडणारी लायगो यंत्रणा उभी करणाऱ्यांपैकीबी तेच. पिक्चर आला नोव्हेंबर २०१४ ला, त्यानंतर दहा महिन्यांनी, १४ सप्टेंबर २०१५ ला लायगोनं पहिल्यांदा दोन ब्लॅकहोलची टक्कर "ऐकली", १३० कोटी प्रकाशवर्षं लांबची, आणि २०१७ चं नोबेल थॉर्न, वाइस आणि बॅरिश ह्या तिघांना मिळालं. थॉर्न यांनी पिक्चरवरच्या आपल्या पुस्तकात सांगितलंय की सुरुवातीच्या आराखड्यात वर्महोलचा पत्ता गुरुत्वीय लहरींवरूनच लागत होता, नंतर गोष्ट सोपी करताना ते गळालं. आणि ह्याच लायगोचं भारतातलं केंद्र आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात होणार. २०२३ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळानं २,६०० कोटींची मंजुरी दिली, मे महिन्यात पायाभरणी झाली, २०३० चं टार्गेट हाय.

म्हणून आपल्याकडच्या पोरांच्या स्टोरीत दुसऱ्या वर्महोलचा सिग्नल औंढ्यात पकडला जातो. हसू नका, कल्पना तेवढी वाईट नाही. एका ठिकाणच्या यंत्राला लहर आली एवढंच कळतं, कुठून आली ते कळायला लांब लांब असलेली यंत्रं लागतात, मग लहर कुठं आधी पोचली आणि कुठं नंतर ह्यावरून दिशा काढता येते. २०१५ ला दोनच यंत्रं होती, तेव्हा आभाळाचा जो पट्टा निघाला तो पौर्णिमेच्या जवळपास तीन हजार चंद्रांएवढा मोठा होता. २०१७ च्या ऑगस्टमध्ये दोन न्यूट्रॉन तारे धडकले तेव्हा युरोपातलं तिसरं यंत्र चालू होतं, पट्टा दीडशेक चंद्रांवर आला आणि दुर्बिणींना ती जागा सापडली. हिंगोलीचं यंत्र अमेरिकेतल्या जोडीपासून इतकं लांब हाय की पट्टा अजून आकसणार. मात्र खुद्द गार्गन्टुआचा आवाज औंढ्यात येणार नाही, एवढ्या जड वस्तूंच्या लहरी फारच संथ असतात, त्यासाठी अंतराळात २५ लाख किलोमीटर अंतरावर तीन यानं सोडायचा लीसा प्रकल्प हाय, तो २०३५ च्या आसपास जाणार.

२०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीला भूकंपाचे धक्के बसले तेव्हा कित्येकांनी विचारलं, "मग ते यंत्र काय कामाचं?" यंत्राचे ४० किलोचे आरसे एकाखाली एक अशा चार लोलकांना टांगलेले असतात, जमिनीची रोजची थरथर वरच्या वर गाळली जाते. मोठा धक्का आला तर यंत्र तेवढ्यापुरतं बंद पडतं आणि पुन्हा जुळवून चालू करतात. अमेरिकेतबी हेच होतं.

आता माझं म्हणणं. हे सगळे जण आभाळाकडं बघायलेत, आणि दुसऱ्या भागाची खरी स्टोरी शेतात पडलीय. पिक्चरच्या सुरुवातीला एक साधं वाक्य येऊन जातं, शेजाऱ्यानं भेंडीचं उभं पीक पेटवलं, जगातली शेवटची भेंडी. गहू आधीच गेलेला, राहिला फक्त मका. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला ते वाक्य लक्षातबी राहत नसंल, पण परभणीच्या माणसानं ते ऐकून खुर्चीत सरळ बसलं पाहिजे. कारण भेंडीवरच्या रोगाशी लढाई परभणीनं लढलीय.

भेंडीला हळद्या लागतो, पानाच्या शिरा पिवळ्या, मग पान पिवळं, मग फळं पिवळट आणि राठ, बाजारात कुणी हात लावत नाही. विषाणूचा रोग, पसरवते पांढरी माशी. त्याकाळी चालणारं पुसा सावनी वाण ह्या रोगापुढं टिकंना, तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांनी ते भेंडीच्या एका रानटी नातलगाशी संकरित केलं, पिढ्यान् पिढ्या निवड केली, आणि १९८५ मध्ये परभणी क्रांती हे वाण आलं. नांगरटीच्या शेतात जे नव्हतं ते रानातल्या झुडपात होतं. पिक्चरमधली नासा असला प्रयत्न करताना फारशी दिसत नाही, त्यांना रॉकेटच सोडायचंय.

आणि मक्याचंबी पिक्चरमध्ये उगाच आलेलं नाही. १९७० मध्ये अमेरिकेत खरंच मक्यावर करपा आला आणि देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. कारण काय, तर हायब्रिड बी तयार करताना मादी ओळींचे तुरे हातानं खुडावे लागतात, ती मजुरी वाचवायला कंपन्यांनी ज्याच्या तुऱ्यात परागच होत नाही असा एक प्रकार वापरला, तो सोयीचा म्हणून बहुतांश बियाण्यात तोच गेला, आणि नेमक्या त्याच प्रकारावर तुटून पडणारी बुरशीची जात निघाली. १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याचं हेच झालं, सगळीकडं जवळपास एकच वाण, दहा लाखांवर माणसं मेली. रोग जगबुडी आणत नाही, एकसारखेपणा आणतो, बुरशी फक्त येऊन गोळा करते.

पिक्चरमध्ये अजून एक गोष्ट सांगतात, की हा रोग हवेतला नायट्रोजन घेतो आणि त्यानं ऑक्सिजन कमी होतोय. हे मला कच्चं वाटतं. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला बंध इतका चिवट असतो की तो तोडायला जिवाणूंना भरपूर ऊर्जा खर्चावी लागते, आपल्या सोयाबीनच्या मुळावरच्या गाठींत तेच चालू असतं आणि त्याचा मोबदला म्हणून झाड त्यांना साखर पुरवतं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के हाय आणि त्याचा साठा एवढा प्रचंड की उद्या सगळी झाडं थांबली तरी श्वास कोंडायला हजारो वर्षं जातील. लोक मरतील ते भुकेनं, त्याआधी कितीतरी.

म्हणून माझ्या दुसऱ्या भागात यान उलट्या दिशेनं येतं. पृथ्वी सोडलेली माणसं राहतात त्या शनीजवळच्या स्टेशनवर वाढलेलं कुणीतरी, मर्फचीच नात म्हणा पाहिजे तर, रिकाम्या पृथ्वीवर उतरतं. आणि तिथला पहिला प्रश्न विज्ञानाच्या दृष्टीनं गार्गन्टुआपेक्षा भारी हाय: यजमान पीकच उरलं नाही तर रोगाचं काय होतं? काही रोग फक्त जिवंत झाडावरच जगतात, झाड गेलं की तेबी जातात, तर काहींचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात, हरभऱ्याच्या मरचं असंच हाय, कुणाबी शेतकऱ्याला विचारा. बांधावरची, डोंगरातली रानटी नातलग झाडं वाचली असतील तर त्यांच्यात प्रतिकार असायची शक्यता सगळ्यात जास्त.

आणि हाच प्रश्न ब्रँडच्या ग्रहावर थांबून राहिलाय, तिकडं कुणी बघत नाही. तिच्याजवळ पाच हजारांवर फलित अंडी हायत, माणसांची. माणसांपुरता तो आकडा बरा हाय, पण ती माणसं खाणार काय? यानातून जे बियाणं गेलं असंल ते थोड्या वाणांचं, नव्या मातीत एकसारखं पीक, बाजूला एकबी रानटी नातलग नाही. माणसाच्या अंगावर आणि बियाण्यावर चढून आपल्याकडचे जंतू तर जाणारच, १९७० फिरून यायला किती हंगाम लागतील सांगा.

ह्यावर एकजण मला म्हणाला, "मग काय, परभणी क्रांती न्यायची तिकडं, विषय संपला!" विषय संपत नाही ना. वाण आल्यावर काही वर्षांतच बऱ्याच भागांत परभणी क्रांतीवरबी हळद्या दिसायला लागला, कारण विषाणू बदलत राहतो. बीटी कापसाचं आपण डोळ्यानं बघितलंय, गुलाबी बोंडअळीनं २०१७ मध्ये काय केलं ते वेगळं सांगायला नको. तेव्हा पुढचा भाग भेंडीवर काढला तर तिसरा भागबी काढावा लागणार, आणि त्याच्यापुढं चौथा.