वेगळ्या विदर्भाची मागणी : एका न फिटलेल्या कराराची पार्श्वभूमी

भाषेच्या आधारावर प्रांत असावेत हे तत्त्व काँग्रेसने आपल्या घटनेत स्वीकारले ते डिसेंबर १९२० च्या अधिवेशनात, आणि ते अधिवेशन भरले होते नागपुरात. पुढे छत्तीस वर्षांनी त्याच तत्त्वाची अंमलबजावणी झाली, तेव्हा नागपूरचे मध्य प्रदेशाच्या राजधानीचे पद गेले. विदर्भाच्या प्रश्नाकडे पाहताना ही विसंगती ध्यानात ठेवलेली बरी. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९२० च्या त्या घटनेत मराठी मुलखासाठी एकच प्रांतिक समिती नव्हती. पुण्याचा महाराष्ट्र, मराठी-गुजराती मुंबई शहर, नागपूरचा मराठी मध्य प्रांत आणि अमरावतीचे वऱ्हाड अशी चार वेगळी घरे होती. एक भाषा म्हणजे एकच राज्य, हा अर्थ त्या तत्त्वाला नंतर चिकटला.

मागणीचे स्वरूप आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण तिच्यावर 'फुटीरते'चा आरोप वारंवार होतो. देशातून बाहेर पडणे आणि राज्यातून बाहेर पडणे या दोन गोष्टींना भारतीय संविधानाने अगदी भिन्न वागणूक दिली आहे. भारताला 'राज्यांचा संघ' का म्हटले, हे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले होते की, हा संघ घटकांच्या आपसातील करारातून निर्माण झालेला नाही आणि म्हणून कोणत्याही घटकाला त्यातून बाहेर पडण्याचा अधिकार नाही. पुढे १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने निवडणुकीच्या उमेदवारांसाठीही देशाचे सार्वभौमत्व व अखंडता राखण्याची शपथ आली. त्या काळात दक्षिणेत द्रविडनाडू या वेगळ्या देशाची मागणी चर्चेत होती. राज्यांच्या सीमा मात्र संसदेने साध्या बहुमताने बदलाव्यात, अशी सोय अनुच्छेद ३ मध्ये आहे. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नसते. नागपुरातून जी मागणी उठली ती पहिल्यापासून या दुसऱ्या प्रकारची आहे आणि देश सोडण्याची भाषा तिच्या मुख्य प्रवाहात कधीच नव्हती.

ज्याला आज आपण एका दमात विदर्भ म्हणतो, तो एकेकाळी दोन सत्तांच्या हाताखाली होता. नागपूरच्या भोसल्यांचे राज्य तिसऱ्या रघुजींच्या निधनानंतर डलहौसीने १८५४ मध्ये खालसा केले आणि १८६१ मध्ये त्यातून मध्य प्रांत उभा राहिला. वऱ्हाड निजामाचे होते. हैदराबादच्या तैनाती फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी ते १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले, १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्यावर आले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. वऱ्हाड कापसाचा मुलूख होता आणि तिथला महसूल चांगला होता. आमचा पैसा नागपूरकडे जातो आणि आमच्या वाट्याला काही येत नाही, ही वऱ्हाडातील पुढाऱ्यांची जुनी तक्रार होती. 'नागपूर'च्या जागी 'मुंबई' घातली की तेच वाक्य पुढे साठ वर्षे नागपूरकरांच्या तोंडी राहिले.

१ ऑक्टोबर १९३८ रोजी मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळात महाविदर्भाच्या स्वतंत्र प्रांताचा ठराव मंजूर झाला. या ठरावाचा रोख पुण्या-मुंबईच्या विरोधात नव्हता. हिंदी भाषक महाकोशलाशी केलेल्या संसारातून मराठी जिल्ह्यांना मोकळे करावे, असा त्याचा अर्थ होता. स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, ८ ऑगस्ट १९४७ रोजी, अकोल्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ यांच्या पुढाऱ्यांत करार झाला. एका संयुक्त महाराष्ट्रात दोन उपप्रांत असावेत, आणि ते न जमल्यास महाविदर्भाला स्वतंत्र प्रांत मागण्याची मोकळीक असावी, असा त्याचा गाभा होता. लोकनायक बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी ही वेगळ्या महाविदर्भाच्या बाजूची मोठी नावे. दोघेही वऱ्हाडच्या राजकारणातून आलेले, हे नोंदवायला हवे, कारण ही मागणी केवळ नागपूर शहरातील वकिलांची आणि व्यापाऱ्यांची आहे असा समज मुंबईत आजही आढळतो.

पुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करारावर सह्या झाल्या. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर, शेषराव वानखेडे आदींनी मान्य केलेला हा अकरा कलमांचा दस्तऐवज आहे. विकासाचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावा, सरकारी नोकऱ्यांत आणि तांत्रिक शिक्षणाच्या जागांत तसाच वाटा मिळावा, उच्च न्यायालयाचे कामकाज नागपुरातही चालावे, आणि सरकारने वर्षातील ठरावीक काळ नागपूरला मुक्काम हलवून विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तिथे घ्यावे, अशी आश्वासने त्यात होती. यातील शेवटच्या कलमाचा अर्थ नीट वाचला तर अपेक्षा अधिवेशनाची कमी आणि सरकारच्या मुक्कामाची अधिक होती. आज डिसेंबरात मंत्रालयातून फायलींचे गठ्ठे येतात, टेकडी रोडवर मोर्चे अडवले जातात, नागपूरकर आमदारांच्या हुरडा पार्ट्यांवर विनोद करतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत गठ्ठे परत जातात. कराराचे अक्षर पाळले जाते, एवढेच म्हणता येईल. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे तेही पाळले गेले नाही, कारण ती अधिवेशने मुंबईतच उरकण्यात आली.

कराराची मूळ उणीव तो लिहिला तेव्हाच त्यात होती. त्यावर सह्या पुढाऱ्यांच्या होत्या, सरकारांच्या नव्हत्या. तो मोडल्यास काय करायचे, याचे एकही कलम त्यात नव्हते.

फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोग डिसेंबर १९५३ मध्ये नेमला गेला. हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर हे त्याचे अन्य सदस्य होते. नागपूर करार समोर असतानाही आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ च्या अहवालात बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा या आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचवले. हा प्रदेश स्वतःच्या उत्पन्नावर उभा राहू शकतो आणि मुंबई-पुण्याच्या सावलीत नागपूर खुरटण्याची भीती अगदीच निराधार नाही, असा त्याचा विचार होता. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉ. आंबेडकरांनी भाषिक राज्यांवरील आपल्या पुस्तिकेत मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली, त्यातील पूर्वेकडचे राज्य म्हणजे स्थूलमानाने विदर्भ. एका राज्यात एक भाषा असावी, पण एका भाषेचे एकच राज्य असण्याची गरज नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. १९२० च्या चार घरांची इथे आठवण होते.

मग हे राज्य झाले का नाही? कारण विदर्भात शोधून सापडत नाही, ते मुंबईत आहे. याच आयोगाने मुंबईसह मराठी महाराष्ट्र नाकारून गुजरातीसह द्वैभाषिक राज्य सुचवले होते. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात विदर्भाची शिफारस स्वतंत्रपणे वाचलीच गेली नाही. मुंबई हिरावून घेण्याच्या आणि मराठी माणसाचे तुकडे करण्याच्या एकाच डावाचा ती भाग ठरली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईच्या रस्त्यांवर माणसे गोळीबाराला बळी पडत असताना 'आम्हाला वेगळे करा' या नागपुरी सुराला तिथे सहानुभूती मिळणे अशक्य होते, आणि ती मिळावी अशी अपेक्षा करणेही अवघड. संसदेने शेवटी विदर्भ आणि मराठवाड्यासह विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य केले. राज्यांकडे मताला पाठवलेल्या विधेयकात तीन वेगळे घटक होते आणि मंजूर झाले ते भलतेच, म्हणून बाबूलाल पराते यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. त्यावर संसदेला विधेयकात असा बदल करता येतो, पुन्हा विधिमंडळाला विचारण्याची गरज नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये दिला. राज्य निर्मितीच्या प्रत्येक वादात हा निकाल आजही आधाराला घेतला जातो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली. अवघ्या अठरा दिवसांपूर्वी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. या शहराने एका महिन्यात एवढी उलथापालथ क्वचितच पाहिली असेल. विधानभवन राहिले, उच्च न्यायालयाची इमारतही राहिली, परंतु १९३६ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर उच्च न्यायालयाच्या जागी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले.

१९५७ च्या निवडणुकीने विदर्भाचे भवितव्य आणखी घट्ट बांधले. संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जमिनीवर आणले, पण विदर्भाने काँग्रेसला हात दिला आणि त्या बळावर यशवंतरावांचे सरकार तरले. साहजिकच १ मे १९६० रोजी महाराष्ट्र वेगळा करताना विदर्भ सोडून देणे काँग्रेसला परवडणारे नव्हते. विदर्भाची निष्ठाच त्याच्या मागणीच्या आड आली, असे माझे मत आहे. बापूजी अणे १९६२ मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले आणि १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे त्याच जागेवर विदर्भाच्या नावाने जिंकले. मात्र पुढे धोटे काँग्रेसमध्ये गेले आणि चळवळीची धार ओसरली. दरम्यान अकोल्याला कृषी विद्यापीठ मिळवण्यासाठी लोक रस्त्यावर आले आणि १९६९ मध्ये ते मिळाले. राज्य मागितले की विद्यापीठ मिळते, हा धडा दोन्ही बाजूंनी गिरवला.

विदर्भाला नेतृत्व मिळाले नाही, ही तक्रार मात्र पुराव्यापुढे टिकत नाही. मारोतराव कन्नमवार, १९६३ ते १९७५ असे सलग मुख्यमंत्री राहिलेले पुसदचे वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस ही सगळी याच प्रदेशातली माणसे. प्रश्न माणसांचा असता तर तो केव्हाच सुटला असता.

१९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने वादाची भाषाच बदलली. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, याचे पैशांत मोजमाप केले. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला आणि त्यातील सुमारे ३९ टक्के विदर्भाचा होता. 'अनुशेष' हा शब्द तेव्हापासून विदर्भाच्या चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला. मुदलाची आणि व्याजाची जाण असलेल्या कापूस उत्पादकाला तो समजावून सांगावा लागला नाही. पण पश्चिम महाराष्ट्रातील दुष्काळी तालुकेही या मोजमापात मागास निघत होते, त्यामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नावावरही जवळपास तेवढाच अनुशेष लागला. सरासरी सरकत राहिली, अनुशेष भरण्यापेक्षा वाढण्याचा वेग जास्त होता. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाचे उदाहरण पुरेसे आहे: एप्रिल १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, मूळ अंदाज ३७२ कोटींचा, आणि त्यानंतर दशकानुदशके रखडलेले कालवे.

अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद १९५६ पासूनच होती. प्रत्यक्षात ती मंडळे स्थापन झाली १९९४ मध्ये. अडतीस वर्षांचा हा विलंब कोणत्याही भाषणापेक्षा जास्त बोलतो.

पक्षांची गोष्ट थोडक्यात आटोपते, कारण ती एकसारखी आहे. भारतीय जनता पक्षाने १९९७ मध्ये भुवनेश्वरच्या बैठकीत वेगळ्या विदर्भाला पाठिंबा दिला. २००० मध्ये त्याच पक्षाच्या नेतृत्वाखालील केंद्र सरकारने छत्तीसगड, उत्तरांचल आणि झारखंड निर्माण केले, विदर्भ राहिला; मित्रपक्ष शिवसेनेचा विरोध हे कारण सांगितले गेले. सत्तेबाहेर झालेल्या काँग्रेसवाल्यांनाही विदर्भ आठवत राहिला. वसंत साठे आणि एन. के. पी. साळवे यांच्यासारख्या ज्येष्ठांनी ही मागणी उचलली, पण पक्षश्रेष्ठी हलले नाहीत. मार्च २०१६ मध्ये राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांना विदर्भाबरोबर मराठवाड्याच्याही वेगळेपणाची भाषा केल्यावरून पद सोडावे लागले. ते बापूजी अण्यांचे नातू.

या सगळ्याची तुलना तेलंगणाशी करावी लागते, कारण १९५५ च्या त्याच अहवालाने हैदराबाद, म्हणजे तेलंगणा भागाचेही वेगळे राज्य सुचवले होते, तिथेही १९५६ मध्ये पुढाऱ्यांत सज्जनांचा करार झाला होता आणि तोही पाळला गेला नाही. २ जून २०१४ रोजी तेलंगणा झाले. जानेवारीत आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळले, फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केले. फरक असा की, तिथे विद्यापीठांतील तरुणांपासून गावच्या गायकापर्यंत सगळ्यांनी वेगळेपण आपली ओळख मानली, आणि त्यासाठीच उभा राहिलेला पक्ष निवडणुका जिंकत गेला. विदर्भात मागणी हिशेबाची राहिली. वऱ्हाडी आणि झाडीबोली बोलणाऱ्या माणसाला स्वतःला मराठी म्हणवून घेण्यात अडचण वाटत नाही, आणि केवळ विदर्भाच्या नावावर उभ्या राहिलेल्या पक्षांना मतदार फारसा थारा देत नाहीत. शिवाय आठांचे आता अकरा जिल्हे झालेल्या या प्रदेशात गडचिरोलीच्या माणसाला मुंबई जितकी लांब, तितकेच कधीकधी नागपूरही लांब वाटते.

आज राज्याच्या २८८ पैकी ६२ विधानसभेच्या आणि ४८ पैकी १० लोकसभेच्या जागा विदर्भात आहेत. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि ती वाढवली गेली नाही. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागतो, म्हणजे हा विषयही अनुच्छेद ३ प्रमाणेच दिल्लीच्या दाराशी जाऊन थांबतो.