बल्गेरियन अनुबोधपट

बल्गेरियाचा इतिहास, लोकजीवन आणि सामान्य माणसांची आयुष्ये टिपणाऱ्या अनुबोधपटांची परंपरा. या देशातील पहिला चित्रपटाचा खेळ 1897 मध्ये रूसे या डॅन्यूबकाठच्या बंदरात झाला, असे सामान्यतः मानतात. चित्रीकरणाच्या प्रारंभाबद्दल मात्र एकमत नाही. यानाकी व मिल्टन मानाकी या बंधूंनी लंडनहून आणलेल्या ‘बायोस्कोप 300’ कॅमेऱ्याने आपली शंभरी ओलांडलेली आजी देस्पिना हिला सूत कातताना टिपले. ही फीत बहुधा 1905 ची; काहीजण ती थोडी नंतरची समजतात. बंधूंचे जन्मगाव अव्देला आज ग्रीसमध्ये आहे, त्यांचा स्टुडिओ जेथे होता ते बितोला उत्तर मॅसिडोनियात. मातृभाषा अरोमानियन (रूमानियनला जवळची बाल्कनमधील भाषा) आणि राज्य तेव्हा ऑटोमन तुर्कांचे. साहजिकच एकाहून अधिक देश त्यांना आपले म्हणतात. त्यांना बल्गेरियन ठरवणे ओढूनताणून होईल. बाल्कन म्हणणे अधिक सयुक्तिक.

1948 मध्ये चित्रपटव्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि वार्तापट व प्रचारपट वाढले. चौकटीबाहेरचे काम अडगळीत पडे. बिंका झेल्याझ्कोवा (1923–2011) यांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी स्त्री-कैद्यांवर केलेले दोन अनुबोधपट साम्यवादी राजवट कोसळेपर्यंत प्रेक्षकांपुढे आले नाहीत.

आदेला पेएवा यांचा ‘हे गाणे कोणाचे?’ (2003) सर्वांत परिचित. इस्तंबूलच्या एका खाणावळीत गाण्याची चाल कानी पडते आणि मेजाभोवतीचा प्रत्येक मित्र ती आपल्याच देशाची असल्याचे सांगतो. तेथून पेएवा चालीचा माग काढत बाल्कनभर हिंडतात. कुठे ते प्रेमगीत असते, कुठे धार्मिक पद. आग्नेय बल्गेरियातील स्त्रांजा भागात मात्र ते 1903 च्या तुर्कविरोधी उठावाचे गीत आहे. तेथील उत्सवात चाल तुर्की असू शकेल असे नुसते सुचवताच माणसे पेएवांच्या अंगावर येतात. तुर्की पाठ ‘कातिबिम’ हा क्रिमियन युद्धाच्या (1853–56) काळातला असल्याचे सांगतात. त्या युद्धात इस्तंबूलला आलेल्या स्कॉटिश पलटणींच्या कूचगीतावरून चाल उचलली, असेही एक मत आहे. पण त्याला आधार तोकडा आहे. बंदरोबंदरी फिरत राहिलेली जुनी चाल, ही शक्यता अधिक पटते.

आंद्रेई पाउनोव यांचा डासांवरील अनुबोधपट (2007) बेलेने गावात घडतो. डासांची तक्रार आणि अणुवीजकेंद्राची स्वप्ने यांतून विषय तेथील साम्यवादी काळातील सक्तीच्या श्रमछावणीपर्यंत जातो. इलियान मेतेव यांच्या ‘सोफियाची शेवटची रुग्णवाहिका’ (2012) मध्ये कॅमेरे गाडीच्या डॅशबोर्डवर बसवलेले आहेत. पडद्यावर दिसतात ते डॉक्टर, परिचारिका आणि चालक यांचे थकलेले चेहरे. रुग्णांचे चेहरे दाखवलेले नाहीत.