जळालेली मोटर भरायची की बदलायची: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मोटर जळाली की मेंटेनन्सवाले ती भरायला, म्हणजे जळालेल्या तारा काढून नव्या तारांचे वेढे घालायला (रिवाइंड) टाकतात आणि विजेचा हिशेब बघणारा नवी मागतो. ‘एकदा भरली की दोन टक्के एफिशियन्सी (घेतलेल्या विजेपैकी कामी येणारा वाटा) गेली’ हे वाक्य या वादात वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते कुठून आलं हे समजल्याशिवाय आजचे नियम नीट कळत नाहीत.

जुन्या मोटरी अंगाने मोठ्या असत. सूत आणि कागदाच्या इन्सुलेशनला १०५ अंशांपुढे चालत नसे, म्हणून तांबं आणि लोखंड सढळ हाताने वापरलेलं. पुढे १३० आणि १५५ अंश सोसणारं इन्सुलेशन आलं आणि तेवढ्याच ताकदीची मोटर लहान फ्रेममध्ये मावू लागली. वीज स्वस्त होती, त्यामुळे मोटर जास्त तापते याची फिकीर नव्हती. १९७३च्या तेलसंकटानंतर हे गणित बदललं.

तेव्हाची भरण्याची रीतही तशीच होती. वॉर्निश जाळल्याशिवाय जुन्या तारा स्लॉटमधून (तारा बसवायच्या खाचांतून) सुटत नाहीत, म्हणून स्टेटरवर (मोटरच्या स्थिर भागावर) थेट गॅसची ज्योत धरली जाई. स्टेटरचा लोखंडी गाभा, कोअर, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यांची चळत, प्रत्येक पत्र्यावर इन्सुलेशनचा पातळ थर. हा थर सेंद्रिय असेल तर कोअरचं तापमान ३७० अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये. ज्योतीखाली ते कुठे किती चढलं हे कळायला मार्गच नसतो. थर जळाला की पत्रे एकमेकांत शॉर्ट होतात, लोखंडातच घुमणारा वाया जाणारा प्रवाह, एडी करंट, वाढतो, आणि हा कोअर लॉस मोटर रिकामी फिरत असतानाही चालूच राहतो. त्यात मूळ गेज मिळालं नाही म्हणून बारीक तार घातलेली. भरायला सोपं जावं म्हणून एखाद-दुसरा वेढा कमी, की फ्लक्स (कोअरमधलं चुंबकीय क्षेत्र) वाढतो आणि नो-लोड करंट (मोटर रिकामी फिरताना घेते तो) चढतो. ओव्हरहँग, म्हणजे कोअरबाहेरचा तारांचा भाग, लांब राहिला तर रेझिस्टन्स वाढतो. या सगळ्या चुकांचं खापर ‘रिवाइंड’ या एका शब्दावर फुटलं.

पण खरा गुंता ‘एफिशियन्सी’ या शब्दातच होता. मोटरचे तोटे पाच: स्टेटरचं तांबं, रोटर (फिरणारा भाग), कोअर, घर्षण व पंख्याचा वारा, आणि उरलेला स्ट्रे लोड लॉस. हा पाचवा तोटा भाराबरोबर वाढतो. तो काढायचा तर मोटर डायनॅमोमीटरवर (ठरावीक भार देऊन टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर) चढवून वेगवेगळ्या भारांवर टॉर्क अचूक मोजावा लागतो. अमेरिकी पद्धतीत तो मोजून धरत. आंतरराष्ट्रीय मानकात मात्र पूर्ण भाराला तो इनपुटच्या सरसकट ०.५ टक्के मानला जाई. प्रत्यक्षात बऱ्याच मोटरींत तो एक ते दोन टक्के निघतो. म्हणजे तीच मोटर आंतरराष्ट्रीय पद्धतीने ९३ टक्के, तर अमेरिकी पद्धतीने ९२. आता ९३ छापलेली मोटर भरून आली, कुणी ती मोजून बघितली आणि ९२ निघाली, की गेलेला टक्का रिवाइंडरच्या नावावर पडे. ती जळण्याआधीही ९२चीच असेल, ही शंका फार थोड्यांना आली. ३७ किलोवॉटची मोटर ७५ टक्के भारावर वर्षाला ८,००० तास चालली, तर या एका टक्क्याचे सुमारे २,६०० युनिट होतात. खरेदीचे निर्णय अशा टक्क्यावर होत होते. २००७ साली मानक बदललं आणि हा तोटा मोजण्याची रीत त्यात आली. पुढच्याच वर्षी आयई१, आयई२, आयई३ हे एफिशियन्सीचे चढते वर्ग ठरले.

त्याआधी २००३ साली दुरुस्ती व्यवसायातल्याच दोन संघटनांनी २२ मोटरी भरण्याआधी आणि नंतर मोजल्या. वॉर्निश जाळायच्या भट्टीचं तापमान ताब्यात ठेवून, तांब्याचा छेद आणि वेढे मूळचेच ठेवून भरलेल्या मोटरींत सरासरी घट सुमारे ०.१ टक्के निघाली, तर तशी बंधनं न घातलेल्या गटात सुमारे ०.४. चाचणी करणाऱ्यांचं हित त्यात होतं हे खरं. पण दोन टक्क्यांच्या दाव्यामागे एवढीही मोजमापं नव्हती.

मग कायदे आले. युरोपात २०११ पासून आयई२, २०१५ पासून टप्प्याटप्प्याने आयई३, आणि जुलै २०२३ पासून ७५ ते २०० किलोवॉटच्या बहुतेक मोटरींना आयई४. ३७ किलोवॉट, चार पोलच्या मोटरीला आयई१मध्ये ९१.२, तर आयई३मध्ये ९३.९ टक्के लागतात. लहान मोटरींचा वाद इथे जवळपास मिटला. त्या बदलणंच परवडतं. मात्र नव्या मोटरीचा स्लिप (स्टेटरच्या फिरत्या चुंबकीय क्षेत्रामागे रोटर जितका रेंगाळतो तो) कमी असतो, ती किंचित जोरात फिरते. मिनिटाला १४७०च्या जागी १४८२ फेरे झाले की सेंट्रिफ्यूगल पंप किंवा फॅन वेगाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे अडीच टक्के जास्त पॉवर खेचतो. पुली बदलली नाही किंवा इम्पेलर घासून कमी केला नाही, तर पत्रकावरची बचत मीटरवर दिसत नाही. सुरुवातीचा करंटही जास्त असल्याने जुना ब्रेकर पहिल्याच स्टार्टला ट्रिप होऊ शकतो.

हे नियम नव्या मोटरी बाजारात आणण्यापुरते आहेत. मोठ्या आणि खास फ्रेमच्या मोटरी अजूनही भरायलाच जातात. तिथे मागायचे कागद ठरलेले आहेत: मूळचे वेढे आणि गेज, तिन्ही फेजचा रेझिस्टन्स, आणि भट्टीत भाजण्याआधी व नंतरचा कोअर लॉस वॅटमध्ये. तो २० टक्क्यांहून जास्त वाढलेला दिसला, तर तार घालण्याआधीच काम थांबवून कोअर दुरुस्त करायचा किंवा मोटर बदलायची.