मदतनिधीच्या विक्रीसाठी दान येणारी घरातली रोपं : कधी आणायची, कशी जपायची, किंमत कशी लावायची

रोपविक्री ठरली की आमच्याकडे दोन प्रश्न हमखास येतात. रोपं कधी आणून देऊ? आणि किंमत काय लावायची? दर वेळी तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून हे पत्रक छापलं. पाणी, उजेड, खत यांच्या प्राथमिक गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असं धरूनच लिहिलं आहे.

आदल्या दिवशी कुंडी बदलू नका

रोपं विक्रीच्या किमान सहा आठवडे आधी आणा. तेवढा वेळ हाताशी नसेल तर रोप आहे त्या कुंडीत, आहे तसं आणा. कुंडी बदलू नका, गड्डे फोडू नका, नवी कटिंगं लावू नका. आमचा सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीपायी जातो.

रोप देणारा मनापासून देत असतो. ते छान दिसावं म्हणून आदल्या संध्याकाळी जुन्या कुंडीतून काढतो, नव्या रंगीत कुंडीत लावतो, वरून भरपूर पाणी घालतो आणि सकाळी आणून देतो. त्या दिवशी रोप टवटवीत दिसतंही. पण पाणी शोषून घ्यायचं बरंचसं काम मुळांच्या टोकांजवळचे केसांएवढे बारीक तंतू करतात आणि उपटताना नेमके तेच तुटतात. पानांतून पाणी उडत राहतं, खालून पुरेसं चढत नाही. दोन-चार दिवसांत पानं माना टाकतात. तोवर रोप घेणाऱ्याच्या घरी पोचलेलं असतं. त्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी घालतो. चिखल झालेल्या मातीत दुखावलेल्या मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि रोप दगावतं. बोल मात्र विक्री मांडणाऱ्या संस्थेला लागतो, आणि तो माणूस पुढच्या विक्रीला फिरकत नाही.

कटिंगची गोष्टही तीच. मनीप्लांटची फांदी कालच मातीत खोचली असेल तर दोन बोटांत धरून अगदी हलकेच वर ओढा. ती सरळ हातात येते. टोक ओलं, गुळगुळीत, मुळाचा पत्ता नाही. मुळं धरलेली फांदी ओढली की माती तिला सोडत नाही, ते बोटांना लगेच कळतं. आम्ही घेताना प्रत्येक कटिंग असंच तपासतो. कृपया वाईट वाटून घेऊ नका.

मनीप्लांट, सिंगोनियम यांना उबदार हवेत दोन ते चार आठवड्यांत मुळं येतात, पण फांदीला निदान एक पेर हवंच. नुसतं पान पाण्यात ठेवलं तर ते फार तर हिरवं राहील, वेल होणार नाही. पाण्यात फुटलेल्या मुळांना मातीत रुळायला वर आणखी दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. स्पायडर प्लांटची पिल्लं त्या मानाने झटपट लागतात. कोरफडीचा फुटवा वेगळा केला तर जखम दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या, मगच लावा. झीझी प्लांटच्या (ZZ) पानापासून रोप करायला कित्येक महिने लागतात, तेव्हा विक्रीसाठी त्याच्या वाटेला जाऊच नका. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचं पान तोडून लावलं तर येणारं नवं रोप बहुधा साध्या हिरव्या पानांचं निघतं. पिवळा काठ हवा असेल तर मुळासकट गड्डाच वेगळा करावा लागतो. पान लावून त्यावर ‘पिवळ्या काठाचा’ अशी चिठ्ठी लावणं म्हणजे घेणाऱ्याची फसवणूक होते.

सहा आठवडे कशाला, असं विचारतात त्यांच्यासाठी

पहिले दोन आठवडे आलेलं प्रत्येक रोप आम्ही इतर रोपांपासून लांब ठेवतो. कोणाच्या घरच्या स्वच्छतेवर हा अविश्वास नव्हे. पिठ्या ढेकूण पानाच्या बेचक्यात कापसाच्या कणासारखा बसतो, आणि कधी कधी मातीखाली मुळांवरही असतो. वरवर पाहून तो दिसत नाही. त्याची अंडी फुटायलाही आठवडा-दोन आठवडे जातात. एक लागण झालेलं रोप टेबलावर पन्नास रोपांत मिसळलं की ती कीड पन्नास घरांत जाऊ शकते. लाल कोळीही तसाच. पानं फिकट, ठिपक्याठिपक्यांची दिसली की पानाखाली पांढरा कागद धरून झटका द्या. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर कोळी आहे.

रोप आणायच्या आधी घरीच एवढं केलंत तर आमचं निम्मं काम होतं : पानं दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसा, पिवळी पानं काढा, पिठ्या दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून घ्या. किडीची शंका असेल तर एक लिटर कोमट पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि द्रवरूप साबणाचे चार-पाच थेंब नीट ढवळून आधी एकाच पानावर फवारून पाहा. दुसऱ्या दिवशी पान ठीक असेल तर संध्याकाळी सगळ्या रोपावर फवारा, आणि आठवड्याने पुन्हा. पानं चमकावीत म्हणून तेल किंवा दूध लावू नका. त्यावर धूळ चिकटते आणि पानांची रंध्रंही बुजतात. फायकसची पानं पुसताना चीक हाताला लागू देऊ नका.

रोप आणायच्या आदल्या दिवशी पाणी घाला, निघताना नको. ओली कुंडी जड होते, वाटेत कलंडते, आणि माती दुसऱ्याच रोपावर सांडते. तळाला भोक नसलेली कुंडी आम्ही घेत नाही. फारच सुंदर असेल तर आत भोकाची साधी कुंडी ठेवून वरचं भांडं वेगळं विकू.

किंमत

इथे लोकांचा जीव अडकतो, आणि ते स्वाभाविक आहे. पाच वर्षं वाढवलेलं रोप कमी किमतीला जावं असं कोणाला वाटेल? तरीही ते आणताना तुम्ही किती पैसे दिले होते किंवा त्यावर तुमची किती माया आहे, यावर किंमत ठरवता येत नाही. आम्ही कुंडीचा आकार, फांद्यांची संख्या, मुळांची भरणी आणि त्या दिवशी त्याच जातीची किती रोपं आली आहेत, हे पाहतो.

तेच रोप, तेवढ्याच कुंडीत, रोपवाटिकेत ज्या भावाला मिळतं, तो भाव आम्ही पाया धरतो. मुळं नीट धरलेलं लहान रोप त्याच्या साधारण एक-चतुर्थांशाला. भरलेलं, निरोगी, मध्यम रोप निम्म्या ते दोन-तृतीयांशाला. मोठं, डौलदार रोप जवळपास पूर्ण भावाला, कारण तसं वाढायला लागलेली वर्षं विकत मिळत नाहीत. चांगली कुंडी असेल तर तिची किंमत वेगळी.

‘स्वस्त ठेवलं तर सगळं संपेल’ असं वारंवार सुचवलं जातं. संपतं खरं, पण पहिल्या अर्ध्या तासात. चांगली रोपं पुन्हा विकणारे उचलून नेतात, आणि ज्या कामासाठी विक्री मांडली त्याला चिल्लर उरते. म्हणून सुरुवातीला भाव पाडू नका. शेवटच्या तासात जोड्या लावून द्या. स्पायडर प्लांटची वीस पिल्लं आली असतील तर वीस कपांत एकेक लावण्यापेक्षा तीन-तीन एका कुंडीत लावा. कुंडी भरलेली दिसते आणि तीन सुट्या कपांपेक्षा जास्त किंमत सहज येते. हे मात्र आधीच करायचं, म्हणजे त्यांना रुळायला वेळ मिळेल. दुर्मीळ, पांढऱ्या-हिरव्या पानांचं एखादं रोप आलं तर त्यावर भाव न लिहिता बंद चिठ्ठीत बोली मागवा.

तीन-चारच ठरावीक भाव ठेवा आणि प्रत्येकाला एक रंग द्या. गल्ल्यावर बसणाऱ्याला हिशेब सोपा जातो आणि सुट्या पैशांची ओढाताण होत नाही.

चिठ्ठी

नाव, उजेड, पाणी एवढं पुरे, पण पेन्सिलीने लिहा. बऱ्याच पेनांची शाई पाण्याने किंवा उन्हाने जाते. ‘पाणी : आठवड्यातून दोनदा’ असं लिहू नका. ‘वरची इंचभर माती सुकली की’ असं लिहा. मनीप्लांट, डिफेनबेकिया, पीस लिली, मॉन्स्टेरा, सिंगोनियम यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावल्यास तोंडाची आग होते, सूज येते. या रोपांवर ‘लहान मुलं आणि पाळीव प्राणी यांच्यापासून दूर’ हे लिहायलाच हवं. मांजर असलेल्या घरासाठी स्पायडर प्लांट सुचवा.

आमच्याकडून काय मिळेल

मदतनिधीसाठी आलेली रोपं ठेवणं, तपासणं आणि त्यांना भाव लावणं याचे पैसे आम्ही घेत नाही. कुंड्या, कोकोपीट-गांडूळखताचं मिश्रण आणि चिठ्ठ्या लागतील तेवढ्या खरेदीच्या दरात देतो. बागेतली माती भरली तर काम स्वस्तात होतं हे खरं, पण कुंडीत ती घट्ट बसते, निचरा होत नाही, शिवाय तिच्यासोबत किडी आणि तणाचं बी येतं. टेबल मोकळं दिसत असेल तर आमच्याकडची मुळं धरलेली तयार रोपं नेता येतील. न विकलेली परत घेऊ.

विक्रीची तारीख पक्की झाली की त्याच आठवड्यात कळवा. अंदाजे किती रोपं येतील आणि त्यांत मोठी किती, एवढं सांगितलंत तर मांडव आणि ट्रे त्या हिशेबाने राखून ठेवू. रोपं सकाळच्या वेळेत आणा आणि प्रत्येक कुंडीवर देणाऱ्याचं नाव लिहिलेली चिकटपट्टी लावा, म्हणजे एखादं रोप परत करायची वेळ आली तर ते योग्य हाती पोचेल.