द लास्टेस्ट गन इन द वेस्ट

‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन अ‍ॅनिमेटेड विनोदी मालिकेच्या १३व्या पर्वातील १२वा भाग. फॉक्स वाहिनीवर तो २४ फेब्रुवारी २००२ रोजी प्रथम प्रसारित झाला. लेखन जॉन स्वार्ट्झवेल्डर यांचे, तर दिग्दर्शन बॉब अँडरसन यांचे आहे. ‘फास्टेस्ट’ (सर्वांत वेगवान) हे वेस्टर्नपटांतील, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडील काउबॉयपटांतील, बंदूकबहाद्दराचे ठरीव विशेषण. त्याचे आद्याक्षर बदलून आणि मुळातच अंतवाचक असलेल्या ‘लास्ट’ला पुन्हा तमभावाचा ‘-एस्ट’ हा प्रत्यय जोडून शीर्षक साधले आहे. ‘शेवटच्यांतलाही शेवटचा’ असा त्याचा आशय सांगता येईल.

मागे लागलेल्या कुत्र्यापासून पळताना सिम्पसन कुटुंबातील मुलगा बार्ट याची गाठ बक मॅक्कॉय या निवृत्त वेस्टर्न नटाशी पडते आणि मॅक्कॉय त्याचा आदर्श बनतो. बार्टच्या खटपटीने मॅक्कॉयला क्रस्टी या विदूषकाच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात पुन्हा संधी मिळते; परंतु तो मद्यधुंद अवस्थेत येतो आणि क्रस्टीला त्याची गोळी लागते. पुढे सिम्पसन कुटुंब त्याचे व्यसन सोडवू पाहते, आणि बँकेवरील दरोडा मोडून काढल्यावर बार्टचा त्याच्यावरील विश्वास परत येतो.

मॅक्कॉय हा कोणा एका नटावरून बेतला असावा असे मानण्यास सबळ आधार नाही. नावापुरते पाहिल्यास दोन जुने वेस्टर्न नट आठवतात : बक जोन्स (मृत्यू १९४२) आणि टिम मॅक्कॉय (१८९१–१९७८). या दोघांनी १९४१-४२ मध्ये मोनोग्राम कंपनीच्या ‘रफ रायडर्स’ चित्रपटमालेत एकत्र कामही केले होते. एकाचे नाव आणि दुसऱ्याचे आडनाव असा हा जोड निव्वळ योगायोगाचा असू शकेल. तथापि या प्रकारच्या चित्रपटांचा परिचय असलेल्या प्रेक्षकाला तो सहज जाणवावा असा आहे.

याहून अधिक वजन आवाजाच्या निवडीला द्यावे लागते. मॅक्कॉयचा आवाज डेनिस वीव्हर (१९२४–२००६) यांचा आहे. ‘गनस्मोक’ (१९५५–७५) या दीर्घकाळ चाललेल्या वेस्टर्न दूरचित्रवाणी मालिकेत त्यांनी १९५५ ते १९६४ या काळात लंगडत चालणाऱ्या चेस्टरची भूमिका केली आणि तिच्यासाठी १९५९ मध्ये त्यांना एमी हा दूरचित्रवाणी पुरस्कार मिळाला. पुढे ‘मॅक्लाउड’ या मालिकेत (१९७०–७७) न्यू मेक्सिकोतील ताओसहून न्यूयॉर्कला आलेला मार्शल (पोलीस अधिकारी) त्यांनी रंगविला. घोड्यावरचा माणूस महानगरात आणून ठेवण्याची ती कल्पना आणि मालिकेतील स्प्रिंगफील्डसारख्या गावात उरलेला एकाकी मॅक्कॉय यांचे नाते उघड आहे. प्रसारणाच्या वेळी वीव्हर ७७ वर्षांचे होते, आणि त्यांच्या संथ, किंचित घोगऱ्या स्वरामुळे विडंबनासाठी घडविलेल्या या पात्राला खरे कारुण्य लाभले आहे. त्यांचे निधन कोलोरॅडोतील रिजवे येथे २४ फेब्रुवारी २००६ रोजी, म्हणजे या भागाच्या प्रसारणानंतर बरोबर चार वर्षांनी झाले.