अ‍ॅटनबरो सगळे एकाच घरचे का?

आडनाव सारखं निघालं की आपल्याकडे लगेच म्हणतात, अरे म्हणजे भाऊबंदच की! जोशी-कुलकर्ण्यांच्या बाबतीत हे चूक आहे, कारण ही नावं कामावरनं पडली आणि गावोगाव वेगवेगळ्या घरांना पडली. पण इंग्लंडमधल्या एका दुर्मिळ आडनावाबाबत ते जवळजवळ खरं निघालं. अ‍ॅटनबरो, टीव्हीवरच्या प्राण्यांच्या कार्यक्रमांमुळे आपल्या ओळखीचं.

नॉटिंगहॅमशायरमध्ये ट्रेंट नदीकाठी याच नावाचं खेडं आहे. 'बरो' म्हणजे जुन्या इंग्रजीत तटबंदीची जागा. नाव पडलं ते गाव सोडून गेलेल्यांना, आपला सातारकर साताऱ्याबाहेर गेल्यावरच सातारकर होतो ना, तसंच.

लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचे वाय क्रोमोसोम, म्हणजे फक्त पुरुषांत असणारा डीएनएचा एक भाग, तपासले. वाय फक्त बापाकडनं मुलाकडे जातो, तिथल्या आडनावासारखाच. आणि त्यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यातले अडखळणारे तुकडे. जीएटीए जीएटीए जीएटीए अशी डीएनएची चार अक्षरं सलग, समजा तेरा वेळा येतात. नक्कल होताना कधीतरी मोजणी चुकते आणि मुलाकडे चौदा होतात, पण एका जागी अशी चूक साधारण पाचशे पिढ्यांत एकदा. म्हणून अशा १७ जागांचे आकडे ओळीने लिहिले तर वीस पिढ्यांनंतरही सरासरी एखादाच बदललेला सापडतो, म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाची ओळ आजच्या माणसात जवळपास तशीच वाचता येते!

अ‍ॅटनबरोंमध्ये दहातल्या जवळपास नऊ जणांची ओळ एकाच घरातली निघाली. स्मिथ म्हणजे लोहार, प्रत्येक गावात एक, त्यामुळे दोन स्मिथ आणि रस्त्यावरचे कुठलेही दोन पुरुष यात फरकच नाही.

पण यावरून मूळ पुरुष एकच होता असं सिद्ध होत नाही हं. सुरुवातीला चार असतील, तिघांच्या वंशात पुढे कधीतरी मुलगेच झाले नाहीत किंवा १३४८ च्या प्लेगमध्ये घरच संपलं, की नाव उरतं चौथ्याचंच. आणि उरलेला दहावा? दत्तक आलेला, आईचं आडनाव लावणारा, किंवा ज्याचा बाप दुसराच होता असा कोणीतरी पूर्वज.

डीएनए किट विकणारे 'तुमचं राजघराणं शोधा' म्हणतात त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. दहा पिढ्या मागे आपल्या वंशवृक्षात १,०२४ जागा असतात, वाय त्यातल्या एकाबद्दलच बोलतो.

पोलिसांना मात्र याचा उपयोग होऊ शकतो. २००६ मध्येच या गटाने सुचवलं होतं की गुन्ह्याच्या जागी मिळालेल्या वाय वरनं संशयिताच्या आडनावाचा अंदाज बांधता येईल. आडनाव दुर्मिळ असेल तरच, स्मिथ असेल तर काहीच हाती लागणार नाही.