मॉरिशसची पांढरी वाळू, आपला काळा दगड

पुण्यातून मॉरिशसला निघालेल्यांच्या हातातल्या सहलीच्या पत्रकात ‘लगून’ हा शब्द हमखास असतो. भूगोलाच्या पुस्तकात त्याला ‘खाजण’ म्हणतात. कोकणात मात्र खाजण म्हणजे बांध घालून राखलेली खारी जमीन, त्यामुळे तो शब्द इथे दिशाभूल करतो. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर प्रवाळांची भिंत असते, लाटा तिच्यावर फुटतात आणि आत उथळ, संथ पाणी राहतं, ते हे लगून. मॉरिशसभोवती ही भिंत सुमारे १५० किलोमीटर आहे. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्रीला ती नाही. तिथे समुद्र थेट काळ्या कड्यावर आपटतो आणि पाण्यात उतरायची सोय नाही. भिंतीची किंमत कळायला प्रत्येकाने एकदा ग्री-ग्रीला जावंच.

तो काळा कडा आपल्या ओळखीचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्थानावरून दख्खनचा लाव्हा वर आला, त्याच स्थानाने पुढे, भूपट्ट सरकत गेल्यावर, लक्षद्वीप आणि मालदीवच्या खालची डोंगररांग आणि सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस घडवलं, असं भूवैज्ञानिक मानतात. शेजारच्या रियुनियनला ते आजही धगधगतंय. पाताळेश्वराचं लेणं ज्या बसाल्टात कोरलं, तोच हा दगड. वाघोलीच्या खाणीतला दगड फोडला की त्याच्या पोकळ्यांत पांढऱ्या झिओलाइटचे स्फटिक चमकतात. मॉरिशसचा कोवळा दगड हातात घ्या, त्याची भोकं बहुतेक रिकामीच दिसतील. १८३४ नंतर गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजूर म्हणून गेलेल्यांत मुंबई बंदरातून चढलेली मराठी माणसंही होती. उसाची जमीन मोकळी करताना मजुरांनी हेच दगड उचलून रचले. त्यांचे ढीग शेताशेतांत अजून उभे आहेत.

आता वाळू. ज्वालामुखीच्या बेटावर ती काळी असायला हवी. इथे ती पांढरी आहे, कारण ती दगडाची नाहीच, मोडलेल्या प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा तो चुरा आहे. भिंत जिवंत असेल तरच नवी वाळू तयार होते. बेटावर आधी प्रवाळ भाजून चुना केला जाई, किनाऱ्यावर जुन्या चुनाभट्ट्या दिसतात. मग सिमेंटची घरं वाढली आणि लगूनच्या तळाची वाळू होड्यांत भरून बांधकामावर जाऊ लागली. वाळू उपसली की पाणी खोल होतं, लाटेचा जोर आतपर्यंत पोहोचतो, किनारा खचतो आणि गढूळपणाने प्रवाळ गुदमरतात. २००१ मध्ये सरकारने हा उपसा बंद केला. पिढ्यान्‌पिढ्या फावड्याने वाळू काढणाऱ्यांना नुकसानभरपाई मिळाली, पण होडी आणि त्यासोबतचं कसब पैशात मोजता येत नाही. तरीही बंदी योग्यच होती, उशिरा आली एवढंच. ज्या किनाऱ्यासाठी परदेशी पाहुणे येतात, तोच घरांच्या गिलाव्यात जात होता. राग एका गोष्टीचा येतो. झळ आधी होडीवाल्याला बसली, आणि पाण्याला खेटून उभी राहिलेली हॉटेलं जिथल्या तिथे राहिली.

वाळूची जागा दळलेल्या बसाल्टने घेतली. आपल्याकडच्या बांधकामांवर जिला ‘क्रश सँड’ म्हणतात, तीच ही. पुण्यातही नदीची वाळू दुर्मीळ झाली तशी खाणीतली ही भुकटी आली आणि प्लॅस्टरचं काम करणारे गवंडी अजून तिच्यावर कुरकुर करतात.

जुलै २०२० मध्ये पॉईंट डेस्नीजवळ एक मालवाहू जहाज याच भिंतीवर चढलं. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे १,००० टन इंधन तेल लगूनमध्ये सांडलं. गावकऱ्यांनी उसाची वाळलेली पानं कापडात भरून, शिवून तरंगते बांध केले आणि ते हाताने ओढत पाण्यात नेले.